आयर्लंड : मोजणी चालू आहे

२०२४ च्या ४ जूनला आपल्या लोकसभेचा निकाल लागला. संध्याकाळपर्यंत कोण आले, कोण पडले हे गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. रात्री मी बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ आणि दोन स्वेटर कोंबले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मालवण सोडलं. भाचा बरीच वर्षं डब्लिनला आहे. "मावशी, जूनमध्येच या, इथे तेव्हाच काय तो उजेड असतो," असं त्याचं म्हणणं. त्या जूनमध्ये तिथेही निवडणूक आहे हे सांगायचं मात्र तो विसरला होता. थोडक्यात, एका निवडणुकीतून उठून आम्ही दुसरीत जाऊन पडलो.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवडणूक लागली की आमच्या नावाचा आदेश ठरलेला. मतपत्रिका होत्या तेव्हापासून मतदान यंत्रं आली तोपर्यंत सगळं पाहिलंय. त्यामुळे लोक किल्ले-राजवाडे बघतात तशी मी मतदान केंद्रं बघते. आमचे हे म्हणाले, "तुझी ड्युटी काही सुटत नाही."

व्हिसाचं तेवढं आधीच सांगते. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेनचा शिक्का घेऊन डब्लिनला उतरता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. कागदपत्रं जमवायला निवांत वेळ ठेवा.

शुक्रवार, ७ जून : शाळेत मतदान

भाचा ब्लांचर्ड्सटाउनला राहतो. डब्लिनच्या पश्चिमेचं हे उपनगर म्हणजे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचा तेव्हाचा मतदारसंघ. त्यांचे वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते पंतप्रधान म्हणून वराडला आले होते, तेव्हा आमच्याकडे केवढी धांदल उडाली होती ते अजून आठवतं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी पद सोडून काही महिनेच झाले होते आणि सायमन हॅरिस पंतप्रधान झाले होते. मी शेजारच्या बाईंना कौतुकाने सांगितलं की वराड आमच्यापासून जवळच. त्या म्हणाल्या, "हो का? मग त्यांना सांगा, आमच्या रस्त्याचं काम राहून गेलं." गाव कुठलंही असो, राजकारण्यांबद्दल बोलणं सारखंच.

सगळ्या दिव्याच्या खांबांवर उमेदवारांचे फोटो लटकलेले. प्लास्टिकच्या जाड पुठ्ठ्यावर छापलेले, प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेले. मतदानाआधी ३० दिवस लावता येतात आणि नंतर ७ दिवसांत उतरवावे लागतात, नाहीतर प्रत्येक फलकामागे १५० युरो दंड. भिंतीवर रंगवलेलं काही नाही, कर्णा नाही, रिक्षा नाही. मला तर सुनं सुनंच वाटलं.

मतदान शाळेत होतं, म्हणून पोरांना सुट्टी. सकाळी ७ ते रात्री १०. आम्हाला आत जाता येणार नव्हतं, म्हणून फाटकाशी उभे राहिलो. भुरभुर पाऊस आणि अंगात शिरणारा वारा. कुत्र्याला घेऊन आलेले एक आजोबा माझ्या बोटाकडे बघायला लागले. ७ मेला लावलेली शाई नखावर अजून होती. तिथे शाईबिई काही नसते, ओळखपत्रही सगळ्यांकडे मागत नाहीत. मी शाईचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "धुतली तर जात नाही?" मी म्हटलं, "आमच्याकडे खूप जणांनी प्रयत्न करून पाहिलाय." ते इतके हसले की कुत्रा भुंकायला लागला.

भाचा बाहेर आला तो बराच वेळ लावून. त्याला दोन मतपत्रिका मिळाल्या, एक युरोपीय संसदेची आणि एक स्थानिक कौन्सिलची. त्याच्या बायकोला, आमच्या सूनबाईला, एकच. ती नर्स आहे, लग्नानंतर तिकडे गेली, पासपोर्ट अजून भारताचा. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कुणालाही, कुठल्याही देशाचा असो, स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. युरोपीय संसदेसाठी मात्र आयर्लंडचा किंवा युरोपीय संघातल्या देशाचा नागरिक असावं लागतं. घरात दोन माणसं, एकाला अख्खं मत आणि एकीला अर्धं. सूनबाई म्हणाली, "मावशी, अर्धं तर अर्धं. दारात येऊन मत मागतात तेव्हा माझ्याशी नीट बोलतात, तेवढं पुरे."

युरोपीय संसदेच्या ७२० जागांपैकी आयर्लंडच्या वाट्याला १४. त्यासाठी देशाचे तीन मतदारसंघ : डब्लिन ४ जागा, साउथ ५, मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट ५. डब्लिनच्या मतपत्रिकेवर २३ नावं, प्रत्येकापुढे फोटो. शिक्का मारायचा नाही, पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घालायचे, हवे तेवढे. भाच्याने नऊपर्यंत घातले. मी विचारलं, "नववं कुणाला?" तो म्हणाला, "ज्याला निवडून आलेलं बघवेल, पण आनंद होणार नाही, अशाला." आणि दहावा? "दहाव्यापासून पुढचे मला बघवत नाहीत."

हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपली विधान परिषद आणि राज्यसभा अशीच निवडली जाते, पसंतीक्रमाने. कोटा, पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं हे शब्द आपल्या बातम्यांत दर दोन वर्षांनी येतात, आणि आपण ते आमदारांचं गणित म्हणून सोडून देतो. (आम्ही परतल्यावर १२ जुलैला विधान परिषदेची अशीच निवडणूक झाली. ११ जागा, १२ उमेदवार, आणि शेकापचे जयंत पाटील पडले. त्या दिवशी आमचे हे टीव्हीसमोर मला नियम समजावून सांगत होते!) आयर्लंडमध्ये हे गणित आमदार नाही, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस करतो.

शनिवार : हाउथचा बांगडा

युरोपची मतं अजून मोजून सांगायची नव्हती. २७ देशांत ६ ते ९ जून असं मतदान होतं. शेवटच्या देशात केंद्रं बंद होईपर्यंत कुणीही निकाल जाहीर करायचा नाही असा नियम, म्हणजे आयर्लंडच्या घड्याळाने रविवारी रात्री १० नंतर. म्हणून शनिवारी आम्ही हाउथला गेलो.

बस-गाडीचं एक सांगते : लीप कार्ड घ्या. डब्लिनमध्ये २ युरोत ९० मिनिटं बस, ट्राम, लोकल बदलत फिरता येतं. रोख पैशांनी महाग पडतं.

हाउथ म्हणजे टोकावरचं मासेमारीचं बंदर. धक्क्यावर सील माना वर काढून बघत होते, सीगल तर ताटातलं उचलून नेतात. एका दुकानात बांगडा दिसला आणि जीवात जीव आला. आपल्यापेक्षा लांबट, पाठीवर गर्द हिरवे-काळे पट्टे. तिकडे तो धुरी देऊन, थंडच, ब्राउन ब्रेडबरोबर खातात. चव चांगली, पण मसाल्याची वाट बघत जीभ तशीच राहते. चार ताजे घेऊन घरी आणले, तिरफळं आणली होतीच. सूनबाईने खिडक्या उघड्या टाकल्या. रात्री साडेनऊला बाहेर लख्ख उजेड आणि आत बांगड्याचं तिखलं, असं जेवण मी आधी कधी जेवले नव्हते.

रविवार : आरडीएसमधली टॅली

सूनबाई ज्या उमेदवाराच्या पत्रकांबरोबर चार दारं फिरली होती, त्यांच्या ओळखीने आम्हाला मोजणीच्या हॉलचे पास मिळाले. बॉल्सब्रिजला आरडीएस म्हणून प्रदर्शनांची प्रचंड जागा आहे, घोड्यांच्या शोसाठी नावाजलेली. तिथल्या सिमन्सकोर्ट हॉलमध्ये डब्लिनची मोजणी होती. आत गेले आणि मला माझी पहिली मतमोजणी आठवली. लांबच लांब टेबलं, रबरबँड, गठ्ठे, कागदाचा तो ठरावीक वास. फक्त ओरडणारं कुणी नव्हतं.

मोजणारे कर्मचारी कठड्याच्या आत. कठड्याबाहेर वाकून उभे असलेले लोक पक्षांचे, हातात पुठ्ठा, त्यावर उमेदवारांची नावं छापलेला कागद. कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडतो तेव्हा ती त्यांना दिसेल अशी धरतो, आणि हे पटापट रेघा मारत जातात. चार उभ्या, पाचवी आडवी. याला टॅली म्हणतात. गंमत म्हणजे एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले पक्ष ही टॅली वाटून करतात. एक पेटी एकाने, दुसरी दुसऱ्याने, आणि शेवटी आकडे एकत्र. कारण कुठल्याही एका पक्षाकडे सगळ्या पेट्यांना पुरतील एवढी माणसं नसतात. त्यामुळे अधिकृत निकाल जाहीर व्हायच्या कितीतरी आधी, कुठल्या वस्तीत कुणाला किती मतं पडली ते त्यांना कळलेलं असतं. रात्री १० पर्यंत जाहीर करायचं नाही म्हणे! अख्ख्या हॉलला माहीत होतं.

माझ्या शेजारी एक साठीच्या बाई रेघा मारत होत्या. मी त्यांना माझी इलेक्शन ड्युटी सांगितली, तशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि कसं बघायचं ते शिकवलं. "पहिला आकडा सगळेच बघतात," त्या म्हणाल्या, "तुम्ही दुसरा बघा." बघायला लागले. एका पक्षाला १ आणि त्याच्या हाडवैऱ्याला २. एकाने सगळ्या बायकांना ओळीने आकडे घातलेले. एकाने २३ च्या २३. एकाने कागदावर लांबलचक शिवी लिहिलेली, ती बाद. एकावर अधिकृत छिद्रांची खूण उमटली नव्हती, तीही बाद. तो कर्मचाऱ्याचा दोष, भोगतो मतदार. आपल्याकडे मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षाची सही राहिली की हेच व्हायचं. एकदम ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

मोजणीची रीत अशी. वैध मतांना जागा अधिक एक यांनी भागायचं आणि त्यात १ मिळवायचा, तो कोटा. डब्लिनच्या ४ जागा, म्हणजे मतांचा पाचवा भाग, तो पंचाहत्तर हजारांच्या थोडा वर गेला. कोट्याच्या वर गेलेल्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात. कुणीच कोट्याला पोचलं नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद, आणि त्याचा एकेक कागद उचलून पुढचा आकडा बघून दुसऱ्याच्या ढिगावर. मग पुन्हा मोजायचं. एकेक उमेदवार असा गळत जातो. आपण ६४ कोटी मतं एका दिवसात मोजली होती. मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग बाकीचे दिवस तुम्ही करता काय?"

हॉलमध्ये खायला सँडविच आणि चिप्स. शाकाहारी माणसाने डबा न्यावा.

सोमवार, मंगळवार : रेडिओ लावून डब्लिन

किलमेनहॅमचा तुरुंग पाहिला, तिथे ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे नेते गोळ्या घालून मारले. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. टपाल कार्यालयाच्या खांबांवर त्याच उठावातल्या गोळ्यांच्या खुणा दाखवतात. पण खरं सांगायचं तर दोन्ही दिवस आमचा कान रेडिओकडेच. टॅक्सीत, दुकानात, न्हाव्याकडे सगळीकडे एकच विषय, "ट्रान्सफर कुठे चालल्यात?" ट्रान्सफर म्हणजे पुढच्या पसंतीला जाणारी मतं.

डब्लिनच्या चौथ्या जागेत सगळी गंमत भरली होती. फिआना फॉल पक्षाचे बॅरी अँड्र्यूज आणि फिना गेल पक्षाच्या रेजिना डॉहर्टी पुढे होते, ते येणार हे टॅलीवरून कळलंच होतं. अँड्र्यूजांची एक मजा. २०१९ मध्ये ते निवडून आले, पण ती जागा ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरच मिळणार होती. म्हणून निवडून येऊनही कित्येक महिने ते घरीच बसून होते. लोक त्याला ‘कोल्ड स्टोरेज’ म्हणायचे.

मागे चुरस होती. ग्रीन पक्षाचे मावळते खासदार किअरान कफ, लेबर पक्षाचे एडॉन ओ रीर्डॉन आणि इंडिपेंडंट आयर्लंड पक्षाचे रेडिओवाले नायल बॉयलन यांची पहिल्या पसंतीची मतं अगदी जवळजवळ होती. त्यात शिन फेन पक्षाच्या लिन बॉयलन. दोन बॉयलनांचं एकमेकांशी नातं नाही, हे मला प्रत्येकाने आवर्जून सांगितलं. रशियाबद्दलच्या भूमिकांमुळे युरोपभर गाजलेल्या क्लेअर डेली बाद झाल्या. नंतर कफ बाद झाले, आणि त्यांचे गठ्ठे फुटले ते बरेचसे ओ रीर्डॉनांकडे. मंगळवारी रात्री उशिरा डब्लिन संपलं : अँड्र्यूज, डॉहर्टी, लिन बॉयलन, ओ रीर्डॉन.

भाचा आणि सूनबाई त्या रात्री जागत बसले, त्याला कारण होतं. आदल्या नोव्हेंबरात डब्लिनच्या मध्यभागी दंगल झाली होती, बस आणि ट्राम जाळली होती. मे महिन्यात कालव्याकाठचे आश्रय मागणाऱ्यांचे तंबू उठवून तिथे लोखंडी कुंपणं उभारली होती, ती आम्ही स्वतः पाहिली. बाहेरून आलेल्यांविरुद्ध बोलणारे उमेदवार या वेळी ढिगाने होते. सूनबाई वॉर्डात रात्रपाळी करते आणि एकटी बसने येते. ती काही बोलली नाही, पण बसमध्ये आता फोनवर मराठीत बोलत नाही, हे तिच्याच तोंडून दुसऱ्या दिवशी निसटलं. त्या टोकाच्या उमेदवारांपैकी युरोपला कुणी गेलं नाही. आपापसात मतं फुटली, आणि बाकीच्यांच्या कागदावर त्यांना तिसरा-चौथा आकडाही नव्हता. डब्लिन शहराच्या कौन्सिलमध्ये मात्र त्यांतले काही निवडून आले. म्हणजे काळजी गेली असं कुणी म्हणू नये.

मला त्या चौथ्या जागेचं महत्त्व तेव्हा कळलं. आपल्याकडे २५ टक्के मतांवरही माणूस निवडून येतो, उरलेल्या ७५ टक्क्यांना तो नको असला तरी. इथे शेवटची जागा जिंकायला तुम्ही दुसऱ्याच्या मतदारालाही चालायला हवेत. भाच्याचा नववा आकडा तिथे कामाला येतो.

बुधवार, १२ जून : पश्चिमेची गाडी

आम्हाला समुद्र बघायचा होता, म्हणून पश्चिमेच्या मेयो काउंटीला निघालो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. आणि हो, मोजणीही. मिडलँड्स-नॉर्थ-वेस्टची मतं मेयोतल्या कॅसलबारला मोजत होते.

ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची गाडी, तीन तासांहून थोडी जास्त. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त, आणि बसायच्या जागेवर तुमचं नाव दिसतं. बाहेर हिरवं, हिरवं, मेंढ्या, पुन्हा हिरवं. समोरच्या बाकावर एक शेतकरी गृहस्थ होते, त्यांनी गाडीच्या मार्गावरच निवडणूक समजावली. टुलामोर आलं. "इथे आमची मतदान यंत्रं मेली," ते म्हणाले. मला वाटलं चेष्टा. पण खरंच, आयर्लंडने २००२ च्या सुमाराला साडेसात हजार मतदान यंत्रं घेतली, त्यावर ५ कोटी युरोंहून जास्त खर्च झाला. त्या वर्षी तीन मतदारसंघांत ती वापरली. एका माजी न्यायमंत्री बाई, नोरा ओवेन, हरल्याचं सगळ्यांसमोर मंचावर एका फटक्यात जाहीर झालं. टॅली नाही, हळूहळू कळणं नाही, मनाची तयारी नाही. लोकांना ते फार लागलं. पुढे यंत्रांच्या सुरक्षिततेवरही शंका आल्या. मग ती वर्षानुवर्षं गोदामात भाडं खात पडली, आणि २०१२ मध्ये सुमारे ७० हजार युरोंना भंगारात गेली, टुलामोरच्या भंगारवाल्याकडे. यंत्रावर माझा तरी विश्वास आहे, पण नोरा ओवेनबाईंची गोष्ट ऐकून गप्प बसले.

पुढे क्लारा. माजी पंतप्रधान ब्रायन काउअन यांचं गाव, त्यांचे भाऊ बॅरी या वेळी उमेदवार. अॅथलोनला शॅनन नदी ओलांडली, ती इतकी संथ की तळं वाटलं. कॅसलरे हे ल्यूक ‘मिंग’ फ्लॅनगनांचं गाव. एकेकाळी गांजा कायदेशीर करा म्हणून त्यांनी खासदारांना गांजाच्या सिगरेटी पाठवल्या होत्या. आता अपक्ष म्हणून ते पुन्हा आघाडीवर होते. आमचे हे म्हणाले, "उतरूया का इथे?"

गुरुवार : कॅसलबार

मतदारसंघ १५ काउंट्यांचा, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. उमेदवार २७. मतपत्रिका दोन फुटांहून लांब. मोजणी रॉयल थिएटरमध्ये, एरवी तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. इथे आमच्याकडे पास नव्हते, पण दारात उभं राहिलं तरी सगळं कळत होतं. पक्षाची माणसं विडी ओढायला बाहेर यायची, आणि विचारलं की बोलायची.

एका टॅलीवाल्या काकांचे डोळे लाल. लांब कागदाच्या घड्या उलगडून त्यांचे हात भरून आले होते. ते उमेदवार लिसा चेंबर्सबाईंचे कार्यकर्ते. त्या कॅसलबारच्याच, फिआना फॉलच्या. पण त्या पक्षाने या मतदारसंघात तीन उमेदवार दिले आणि मतं तीन दिशांना गेली. "शिन फेनने दोन दिले, त्यांचं तर दोन्हीकडून गेलं," काका म्हणाले, आणि त्यातल्या त्यात त्यांना बरं वाटलं. मी म्हटलं, आमच्याकडेही घरातलीच माणसं पाडतात. "पाडत नाहीत हो," ते म्हणाले, "नुसते चौथा आकडा द्यायला विसरतात."

दुपारी जवळच्या टर्लोला गेलो. तिथे राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, प्रवेश फुकट. मी अख्ख्या सहलीत सगळ्यांत जास्त वेळ इथेच रमले. गवताच्या दोऱ्या, वेताच्या पाट्या, माशांच्या टोपल्या, कातड्याने मढवलेल्या हलक्या होड्या. दुष्काळ, बोटीने अमेरिका, मागे राहिलेल्या बायका. कोकणातल्या माणसाला मुंबईच्या बोटीची आठवण न येणं कठीण.

आमच्या बी अँड बीच्या, म्हणजे मुक्काम आणि नाश्ता देणाऱ्या घरच्या, बाई सत्तरीच्या. सकाळी त्यांनी सोडा ब्रेड, घरचा मुरांबा आणि अंडी दिली. चहा इतका कडक की दुधाचा रंग बदलायला वेळ लागला. निवडणुकीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मी आकडे घालते ते चेहऱ्यावरून." त्यांना बोलायचं होतं फुटबॉलवर. मेयोने गेलिक फुटबॉलची अखिल आयर्लंड स्पर्धा १९५१ मध्ये जिंकली, त्यानंतर नाही. विजयी मिरवणूक एका अंत्ययात्रेसमोर थांबली नाही म्हणून शाप लागला असं सांगतात. बाई म्हणाल्या, "शापबिप काही नाही, शेवटच्या दहा मिनिटांत दमतात." मग थोडं थांबून, "पण थांबायला हवं होतं."

शुक्रवार : क्रो पॅट्रिक

वेस्टपोर्ट टुमदार गाव, मधून नदी, दोन्ही बाजूंना झाडं. तिथून क्रो पॅट्रिक डोंगर, ७६४ मीटर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक यात्रेला चढतात, काही अनवाणी. आम्ही खालच्या पुतळ्यापर्यंत गेलो आणि ढग खाली आले. आमच्या ह्यांना शिखर हवं होतं. वरून उतरणारा एक मुलगा म्हणाला, वर स्वतःचे बूटही दिसत नाहीत, तेव्हा ते थांबले. पाच मिनिटांनी ढग फाटले, खाली क्ल्यू बे हा उपसागर आणि त्यातली ती असंख्य बेटं. लोक म्हणतात ३६५ आहेत, दिवसाला एक.

इथे जाणाऱ्यांनी घोट्याला आधार देणारे बूट घाला. वरचा टप्पा सुट्या दगडांचा आहे. छत्री नेऊ नका, वारा ती तुमच्याकडे ठेवत नाही. खाली आल्यावर बंदरावर चाउडर घ्या, माशांचं दाट दुधाळ सूप. मी त्यात गुपचूप थोडी मिरपूड घातली.

शनिवार, आणि नंतर

डब्लिनला परतलो तोवर देशभरच्या १४ जागा भरल्या होत्या. फिना गेल ४, फिआना फॉल ४, शिन फेन २, लेबर १, इंडिपेंडंट आयर्लंड १, अपक्ष २. ग्रीनकडे आधी दोन होत्या, दोन्ही गेल्या. मेयोच्या त्या थिएटरमधून आलेले पाच जण म्हणजे मिंग फ्लॅनगन, बॅरी काउअन, पूर्वी घोड्यांच्या शर्यती जिंकणाऱ्या नीना कार्बेरी, ‘रोझ ऑफ ट्रली’ या स्पर्धेची २०१४ ची विजेती मारिया वॉल्श, आणि टीव्हीचे माजी बातमीदार किअरन मुलूली. साउथमध्ये फिना गेलचे शॉन केली पहिल्याच फेरीत, १ लाख २२ हजारांहून जास्त मतं घेऊन आले. क्लेअर डेलींचे साथी मिक वॉलस तिथे पडले. फिआना फॉलच्या सिंथिया नी वुरुखू निवडून आल्या, १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचं सूत्रसंचालन त्यांनी केलं होतं. एकूण, मतपत्रिकेवर फोटो असण्याचा परिणाम होत असावा.

खांब मोकळे झाले होते. भाच्याच्या गल्लीत एकच फलक राहिला होता, कोपऱ्यावर, उंच. शेजारच्या आजोबांनी त्या उमेदवाराला फोन लावून दंडाची आठवण करून दिली. मतं दिली होती का विचारलं तर म्हणाले, "सातवं."

आम्ही घरी आलो ते पावसातच. पुढे २९ नोव्हेंबरला त्यांची देशाची निवडणूक झाली. ग्रीन पक्ष १२ जागांवरून १ वर आला, आणि ती एक म्हणजे नेमकी भाच्याच्या मतदारसंघातली, रॉडरिक ओगॉर्मन यांची, तीही शेवटच्या फेऱ्यांत ट्रान्सफरवर. सूनबाईने भाच्याचा निरोप पाठवला : "मावशीला सांग, या वेळी अकरापर्यंत घातले." मी तिला विचारलं, तुझ्या पासपोर्टचं काय झालं? अर्ज केलाय म्हणे, वाट बघतेय.